किनाऱ्यावर राहतो म्हणून समुद्र कळत नाही

समुद्रात कुणी बुडालं की पुढचा क्रम ठरलेला असतो. बातमीत 'पोहण्याचा मोह जिवावर बेतला' हे वाक्य येतं, किनाऱ्यावर दोन-चार दिवस पोलीस दिसतात, 'पाण्यात उतरू नये' अशी नवी पाटी लागते आणि गेलेल्याच्या बेफिकिरीवर सगळे यथेच्छ तोंडसुख घेतात. बुडालेला बाहेरचा असेल तर 'सांगून ऐकत नाहीत', गावातला असेल तर 'वेळ आली होती'. दोन्ही निदानांत मोठी सोय आहे. त्यांच्यानंतर कुणालाच काही करावं लागत नाही.

मला हे निदानच चुकीचं वाटतं. बेफिकिरी असते, दारू असते, सेल्फीचं वेडही असतं. नाकारण्यात अर्थ नाही. पण बुडणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना आपण कशात पाय टाकतोय हे कधी कुणी सांगितलेलंच नसतं. किनारपट्टीवरच्या प्रत्येक मुलाला पाढ्यांच्या वयात पाणीही शिकवलं पाहिजे. ते काम शाळेचं आहे, म्हणजेच त्याचा खर्च सरकारचा आहे. उन्हाळी शिबिरं, हौशी मंडळं आणि आईबापांची सवड यांच्यावर ते सोडून चालणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, म्हणजे तासाला तीसहून अधिक. त्यातली ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. साधारण निम्मी तिशीच्या आतली, आणि चारातलं जवळपास एक पाच वर्षांखालचं मूल. पुरात वाहून गेलेले आणि बोटी उलटून गेलेले यात धरलेलेच नाहीत. याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. २००० पासून बुडण्याचं जागतिक प्रमाण ३८ टक्क्यांनी उतरलं, पण युरोप विभागात ६८ टक्क्यांनी आणि आफ्रिका विभागात अवघ्या ३ टक्क्यांनी. समुद्राची भरती-ओहोटी दोन्हीकडे चालूच आहे. नशीब एका खंडावर मेहेरबान आणि दुसऱ्यावर नाराज, असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो बापडं.

'किनाऱ्यावरच्या लोकांना काय शिकवायचं, ते पाण्यातच वाढतात,' हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडलेला समज. पाण्यात वाढतात ते बहुधा मुलगे, तेही सगळे नाहीत. जगाच्या अनेक किनाऱ्यांवर जन्मभर होडीवर काढलेले पण पोहता न येणारे मच्छीमार सापडतील. होडी चालवणं, जाळं टाकणं, वाऱ्याचा अंदाज घेणं यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. होडी उलटली तर मात्र पुढे काय करायचं, याचा विचार नको म्हणूनच तो विषय टाळला जातो. लाइफ जॅकेट असतं, पण होडीच्या टोकाला कोंबून ठेवलेलं. ते घालत नाहीत म्हणून त्यांच्यावर वैतागण्याआधी ते जॅकेट अंगावर चढवून भर उन्हात जाळं ओढून पाहावं. जाडजूड फोम काखेत काचतो, बक्कल जाळ्यात अडकतं, घामाने जीव नकोसा होतो. अंगाबरोबर वाकणारं, कामात आड न येणारं जॅकेट मिळू शकतं, पण सरकारी वाटपात स्वस्त आणि गैरसोयीचं येणार असेल तर ते तपासणीपुरतंच बाहेर निघणार.

आणि बायकांचं काय? ओहोटीला खडकांवर कालवं काढायला, शिंपले वेचायला जाणाऱ्या बाया, गुडघाभर पाण्यात समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या टांझानियातल्या झांझिबार बेटांवरच्या बाया, या सगळ्या कमाईसाठी पाण्यात असतात. तरी पोहणं हे मुलींच्या शिकण्याच्या यादीत कुठेच नसतं. २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या मदतसंस्थेने इंडोनेशियातल्या आचेमधल्या काही गावांत पाहणी केली, तेव्हा वाचलेल्या पुरुषांची संख्या वाचलेल्या बायकांच्या जवळपास तिप्पट निघाली. तमिळनाडूतल्या कडलूरमध्येही मृतांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. कारणं अनेक होती: बायका त्या वेळी घरात किंवा किनाऱ्यावर होत्या, पुरुष खोल समुद्रात किंवा कामावर होते, बायकांच्या हाताला पोरं होती, अंगावर पायात गुरफटणारे कपडे होते. पण पुरुषांना पोहता येत होतं, झाडावर चढता येत होतं आणि बायकांना ते कुणी शिकवलं नव्हतं, हेही त्यातच आलं. झांझिबारमध्ये २०११ पासून पांजे प्रकल्पाने मुलींना अंगभर पोहण्याच्या पोशाखात आणि बाईशिक्षिकांकडून पोहणं शिकवायला घेतलं. गावाची मर्यादा पाळून ते काम झालं. 'आमच्याकडे हे चालत नाही' या सबबीचं वजन मला त्यामुळे फारसं वाटत नाही.

आता शिकवायचं म्हणजे नेमकं काय, इथे खरी गडबड होते. शिकवणं म्हटलं की डोळ्यांपुढे तरणतलाव येतो: निळ्या फरश्या, सरळ रेषा, बाजूला धरायला कठडा. तिथे पोहायला येणं चांगलंच. पण त्या जोरावर समुद्रात उतरलेल्याला पहिल्याच मोठ्या लाटेत कळतं की इथे तळ सरकतो, पाणी ढकलतं आणि ओढतंही, आणि धरायला काहीच नाही.

रिप करंटचंच, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात ओढत नेणाऱ्या प्रवाहाचंच घ्या. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणत राहतात. आलेलं पाणी परत जाणार कुठून? पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यात जिथे खिंड असते तिथून ते जोराने बाहेर निघतं, बांध फुटलेल्या जागेतून शेतातलं पाणी निघतं तसं. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस दिसतो आणि मधला पट्टा शांत, थोडा काळसर दिसतो. नवखा माणूस नेमका तोच पट्टा निवडतो, कारण तिथे लाटा अंगावर येत नाहीत. लहान मुलांना घेऊन आलेले तर हमखास तिथेच उतरतात. नीट पाहिलं तर त्या पट्ट्यात फेस, गढूळ वाळू, पाण्यावरचा पाला समुद्राच्या दिशेने सरकताना दिसतो. एवढं पाहायला दहा मिनिटं पुरतात, पण 'दहा मिनिटं उभं राहून पाहा' असं सांगणारं कुणी लागतं.

साधारणपणे ही ओढ संथ असते, पण ती सेकंदाला २.४ मीटरपर्यंतही जाऊ शकते. १०० मीटर फ्रीस्टाइलचा २०२४ च्या ऑलिंपिकमधला विश्वविक्रम ४६.४० सेकंदांचा आहे, म्हणजे सेकंदाला साधारण २.१५ मीटर. जगातला सर्वांत वेगवान पोहणाराही तिच्याविरुद्ध हरेल. तरीही ओढीत सापडलेला प्रत्येक जण तोंड किनाऱ्याकडे करून जिवाच्या आकांताने हात मारतो, कारण किनारा समोर दिसत असतो. ही ओढ माणसाला तळाशी नेत नाही, किनाऱ्यापासून लांब नेते. बुडवतो तो दम. म्हणून आधी तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतात त्या बाजूला सरकायचं. हे पाण्यात सापडल्यावर सुचत नाही. आधी अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

म्हणूनच मला वाटतं, पहिला धडा हात-पाय मारण्याचा नसावा, तरंगण्याचा असावा. ब्रिटनमधली आरएनएलआय ही १८२४ पासून समुद्रातून माणसं काढणारी संस्था हेच सांगते: डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, अंग सैल सोडा, श्वास ताळ्यावर आणा, लागलं तर हात हळू हलवा. पाय खाली गेले तरी घाबरू नका. कान पाण्यात जाऊ देणं हेच बहुतेकांना जमत नाही. मान ताठ करून डोकं वर ठेवायला जातात आणि कंबर बुडते. हे एकदा जमलं की मुलाच्या चेहऱ्यावरची भीती उतरते, आणि भीती उतरली की पुढचं पोहणं शिकवायला निम्मा वेळ लागतो. नेदरलँड्समध्ये तर मुलांना पोहण्याच्या प्रमाणपत्रासाठी अंगात कपडे आणि पायात बूट घालून पोहावं लागतं. कालव्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, इतका साधा विचार त्यामागे आहे. असा साधा विचार फारच थोड्या अभ्यासक्रमांत आढळतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना शिकवायची. बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, हे सिनेमातलं झालं. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी प्रत्यक्ष प्रसंगांचं चित्रीकरण करून जे दाखवलं ते उलटं होतं. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याच्या वर येतं ते श्वास घेण्यापुरतं, ओरडायला उसंतच नसते. हात वर येत नाहीत, बाजूला पसरून पाण्यावर दाब देत राहतात. पाय मारणं थांबलेलं असतं, शरीर उभं असतं. हे सगळं वीस ते साठ सेकंद चालतं आणि मग माणूस खाली जातो. शेजारी चार हातांवर खेळणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. घरच्या कुणीतरी मोबाइलवरून मान वर केली तेव्हा मूल नव्हतं, असे प्रसंग घडतात त्यामागे निष्काळजीपणा असेलही, पण 'काही झालं तर ओरडेल की' हा भरवसाही असतो.

तिसरा धडा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे: उडी मारायची नाही. एक बुडाला, त्याला काढायला भाऊ गेला, भावामागे मित्र, आणि शेवटी तिघेही गेले, ही बातमी किनाऱ्यावर आणि नदीकाठी सारख्याच मजकुराने छापली जाते. आपण त्यांना शूर म्हणतो. शूर होतेच, पण त्या शौर्याला कुणी रीत शिकवली नव्हती. बुडणारा माणूस हाताला लागेल ते खाली दाबून वर यायला बघतो, मग ते सख्ख्या भावाचं डोकं का असेना. रीत अशी की आधी आरडाओरडा करून माणसं जमवायची, मग काठी-बांबू-वल्हं पुढे करायचं, तेही पालथं झोपून, म्हणजे आपण ओढले जात नाही. ते पुरत नसेल तर तरंगणारं काहीतरी फेकायचं.

हा धडा शाळेच्या मैदानात, पाण्याचा थेंब न लागता होतो. पाच लिटरचा रिकामा कॅन घ्यायचा, त्यात तळाशी थोडं पाणी ठेवायचं, नाहीतर तो वाऱ्यावर भरकटतो. झाकण घट्ट. मुठीला दोर बांधायचा आणि दोराचं दुसरं टोक पायाखाली दाबायचं. हे टोक दाबायला विसरणारे इतके असतात की पहिल्या फेकीत कॅनबरोबर दोरही जातो आणि सगळा वर्ग हसतो. हसू द्यावं, तो मुलगा पुन्हा कधी विसरणार नाही. फेक माणसाच्या अंगावर नको, त्याच्या खांद्यावरून पलीकडे हवी, म्हणजे दोर त्याच्या हातावर पडतो. याला ना तरणतलाव लागतो ना मोठा निधी. तरीही किती शाळांत होतं?

पाण्यातून काढलेल्या माणसाचंही तेच. त्याला उलटा धरून फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यात वेळ जातो आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते श्वास थांबल्यामुळे, म्हणून त्याला आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छातीवर दाब. नुसता छातीदाब इथे अपुरा पडतो.

शिकवून खरंच फरक पडतो का? बांगलादेशात याचं उत्तर मिळालं आहे. तिथे स्विमसेफ उपक्रमात गावातल्या तळ्यांत बांबूचे चौथरे बांधून मुलांना शिकवलं गेलं. २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगणं आणि काठावरून दुसऱ्याला वाचवणं, एवढाच अभ्यासक्रम. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मृत्यूचं प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटलेलं दिसलं. पण त्याच देशाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी किनाऱ्यावर डोळे लावून बसलेल्यांच्या नजरेतून सुटते. तिथली अगदी लहान मुलं बुडतात ती घरापासून वीस मीटरच्या आत, तळ्यात, डबक्यात, आणि तीही सकाळच्या वेळात, आई कामात असताना. दोन वर्षांच्या मुलाला पोहणं शिकवता येत नाही. त्याला सकाळी नऊ ते एक सांभाळणारं कुणी लागतं. 'आँचल' नावाची गावातली पाळणाघरं त्यासाठी उभी राहिली, आणि तिथेही मृत्यू ठळकपणे कमी झाले. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ८,००० पाळणाघरं आणि ६ ते १० वयाच्या ३ लाख ६० हजार मुलांचं पोहणं असा प्रकल्प मंजूर केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०२१ साली बुडण्याविषयीचा पहिला ठराव पुढे आणणारे दोन देशही बांगलादेश आणि आयर्लंडच होते. त्या ठरावामुळे २५ जुलै हा दिवस जागतिक पातळीवर पाळला जातो, म्हणजे बॅनर लावण्याची एक तारीख तरी पक्की झाली.

'पोहणाराच बुडतो' हा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. पोरांना पोहायला आलं की ती खोलात जातात, भरवसा वाढतो, हे खरं आहे. त्यावर उपाय न शिकवणं हा नव्हे. अर्धवट न शिकवणं हा आहे. ज्या वर्गात हात मारणं शिकवलं आणि ओढ, उधाण, खाडीच्या मुखाचं पाणी शिकवलं नाही, तो वर्ग धोकादायकच. परीक्षेत 'आज पाण्यात उतरणार का?' हा प्रश्न असावा आणि 'नाही' या उत्तराला पूर्ण गुण असावेत.

बंदीवाल्यांचं म्हणणं वेगळं: किनारे बंद करा. वादळात, उधाणात बंद केलेच पाहिजेत. पण जो किनाऱ्यावरच जगतो त्याच्यासाठी बंदीचा अर्थ काय? जीवरक्षक आणि निशाणं हवीतच. लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्ये पोहायचं ही ऑस्ट्रेलियात मुरलेली सवय आहे. पण जीवरक्षक संध्याकाळी घरी जातो आणि लांबच्या खडकाळ किनाऱ्यावर तो कधी येतच नाही. तिथे उरते ती शिकवण.

ही शिकवण कोण देणार? मला वाटतं, त्याच किनाऱ्यावरची माणसं: होडीवाले, मच्छीमार, कालवं काढणाऱ्या बाया. कुठल्या महिन्यात वाळू कुठे सरकते, खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी कसं फिरतं, हे त्यांना ठाऊक आहे. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण गोष्टींतून आणि अंगाईंतून जपली गेली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे धावायचं. २००४ मध्ये भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही सुमारे ७८,००० लोकवस्तीच्या त्या बेटावर फक्त ७ माणसं दगावली. असं ज्ञान शाळेत आणायचं, तर त्याला रीतसर प्रशिक्षणाची जोड हवी. तरंगणं, श्वास देणं, सुटकेची रीत ही त्यांनाही शिकावी लागेल, कारण त्यांच्यातल्या अनेकांना पोहता येत नाही. आणि त्यांना मानधन हवं, नियमित आणि वेळेवर. नारळ, शाल आणि टाळ्या देऊन हे काम वर्षभर चालत नाही.

या सगळ्याआधी एक कंटाळवाणं काम आहे, नोंदीचं. बुडून मेलेल्याची नोंद बहुतेक ठिकाणी 'अपघाती मृत्यू' एवढ्यावर संपते. भरती होती की ओहोटी, माणूस कामावर होता की सहलीला, पोहता येत होतं का, कुणाला काढायला गेला होता का, जागा नेमकी कुठली, यातलं काहीही लिहिलं जात नाही. पंचनाम्याच्या छापील अर्जात पाच ओळी वाढवल्या तर तीन वर्षांत कुठल्या किनाऱ्यावर कुणाला काय शिकवायचं हे स्पष्ट होईल. तोवर पाटी कुठे रोवायची हेसुद्धा अंदाजानेच ठरत राहणार.